थैलीतील दोन वजने

शास्त्रपाठ : लेवीय 19:33-37, अनुवाद 25:13-16, आमोस 8:4-6, लूक 19:1-10

नीती, मूल्ये, रूढी, कायदा हे शब्द व्याख्यानांतून व अग्रलेखांतून आपल्या कानांवर सारखे पडत असतात. शब्द मोठे असले की त्यांच्याआड लपणे सोपे जाते. समाजात नीती राहिली नाही, असे म्हणून उसासा टाकणाऱ्याला त्या उसाशासाठी काही खर्च करावा लागत नाही. म्हणून या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही मुद्दाम एक लहानशी, हातात धरता येईल अशी वस्तू घेत आहोत. ती म्हणजे वाण्याच्या ताजव्यातील वजन. समाजाचे जीवन कशाच्या आधारावर चालते हे या एका वस्तूवरून जितके कळते तितके पुष्कळ व्याख्यानांवरून कळत नाही, असे आम्हांला वाटते. वर दिलेले चारही पाठ वाचकांनी आधी वाचून घ्यावेत व पवित्र शास्त्र उघडे ठेवूनच पुढे जावे.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की, थैलीत एक जड व एक हलके अशी दोन तऱ्हेची वजने बाळगू नका, आणि घरात एक मोठा व एक लहान असे दोन एफा ठेवू नका. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. खोटे वजन वापरू नका, एवढेच हे वचन सांगत नाही. ते बाळगूच नका असे सांगते. दुसरे वजन थैलीत आहे, पण आज ते बाहेर काढलेले नाही, अशा मनुष्यावर कोणता कोतवाल खटला भरील? परंतु परमेश्वराच्या दृष्टीने ते वजन थैलीत असणे हाच दोष आहे. ते कोणत्या तरी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेले आहे. मोजमापाला न समजणारा, घाईत असलेला, गरजू किंवा परका असा कोणी येईल, आणि मग हात थैलीत जाईल.

त्या काळी वजने दगडाची असत. इब्री भाषेत वजनाला जो शब्द या वचनात आला आहे त्याचा साधा अर्थ दगड असाच आहे. यहूदा प्रांतातील उत्खननांत इ. स. पूर्वीच्या आठव्या व सातव्या शतकांतील अशी पुष्कळ वजने सापडली आहेत. ती चुनखडीची, खाली सपाट व वर घुमटासारखी गोल असून त्यांवर शेकेलाची खूण व आकडा कोरलेला असतो. ती तोलून पाहता शेकेल सुमारे 11.3 ते 11.4 ग्रॅमचा भरतो. आपला जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता हे ज्यांच्या लक्षात असेल, त्यांना यिर्मयाच्या काळचा यरुशलेमेतील बाजार एकदम जवळचा वाटू लागेल. याच वजनांत 'पीम' असे कोरलेली, शेकेलाच्या सुमारे दोन तृतीयांश भाराची काही वजने निघाली. हा शब्द 1 शमुवेल 13:21 येथे एकदाच येतो. त्याचा अर्थ न लागल्यामुळे जुन्या इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे 'कानस' असे घातले होते. पलिष्टी लोहार इस्राएल लोकांच्या फाळांना धार लावण्यासाठी किती रुपे घेत, हे तेथे सांगितले आहे, हे पुढे दगड हाती आल्यावर उलगडले. एका लहानशा दगडाने एक वचन उजेडात आणले!

आमोस 8:5 शिकवताना पुष्कळ शिक्षक अडखळतात. व्यापारी एफा लहान करतात हे मुलांना समजते. पण शेकेल मोठा करतात तो का? मोठे वजन म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदाच नव्हे काय, असे एखादे हुशार मूल विचारते. याचे उत्तर असे की, आमोसाच्या काळी इस्राएलात नाणी पाडलेली नव्हती. धान्य विकणारा एफाने धान्य मोजून देई, आणि घेणारा त्याची किंमत म्हणून रुपे तोलून देई. म्हणजे एका व्यवहारात मोजणी दोनदा होई. धान्य देताना एफा लहान, म्हणून गिऱ्हाइकाच्या पदरात कमी पडले. रुपे घेताना शेकेलाचा दगड जड, म्हणून त्याच्याकडून अधिक निघाले. गरिबाला एकाच वेळी दोन्ही बाजूंनी कापले. शिवाय गव्हाचा भुसकट माल त्याच्याच गळ्यात मारला. आणि हे करणारे कोण होते? अमावास्या व शब्बाथ पाळणारे लोक होते. शब्बाथाच्या दिवशी त्यांनी दुकान उघडले नाही. रूढी मोडली नाही. फक्त तो दिवस केव्हा संपतो याची ते वाट पाहत बसले होते. संदेष्ट्याचा राग त्यांनी उपासना सोडली म्हणून नाही, तर उपासनेच्या दिवशीही त्यांचे मन थैलीत होते म्हणून आहे.

खऱ्या वजनाची शिकवण फक्त इस्राएलातच होती असे मात्र कोणी मुलांना सांगू नये. ते खरे नाही, आणि तसे सांगण्याची आपल्याला गरजही नाही. बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात असे आहे की, जो सावकार लहान वजनाने देतो व मोठ्या वजनाने परत घेतो त्याने दिलेले सर्व गमवावे. मिसर देशात आमेनेमोपे नावाच्या शिक्षकाने तराजूत व धान्याच्या मापात लबाडी करू नये अशी ताकीद आपल्या शिष्यांना दिली आहे. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, म्हणजे ती पाण्याने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत, आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी व्हावी, इतक्या बारकाईने तो लिहितो. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या धर्मांत मनुष्यांना एकच गोष्ट कळली होती, आणि तिच्याशिवाय चार माणसे एकत्र राहू शकत नाहीत हेही कळले होते. पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाविषयी बोलतो. त्याला हे उदाहरण शोभेल.

बाजारातील माप

आता आपल्या बाजाराकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी धान्य मापाने व किराणा वजनाने मिळे. चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे गावोगाव सारखी नसत. एका गावची पायली दुसऱ्या गावी चालेलच असे नव्हते. वजनात 80 तोळ्यांचा शेर म्हणजे आजचे सुमारे 933 ग्रॅम, आणि 40 शेरांचा मण म्हणजे सव्वासदतीस किलोंहून किंचित अधिक. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल होती. स्वातंत्र्यानंतर सर्व देशाला एकच माप असावे म्हणून 1956 साली प्रमाण वजनमापांचा कायदा झाला. 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि एप्रिल 1962 पासून जुनी मापे व्यवहारातून कायद्याने बाद झाली. सध्या त्या जागी 2009 चा वैध मापन कायदा आहे. तो 1 एप्रिल 2011 पासून लागू झाला. दुकानातील वजनकाटा ठराविक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. हा झाला कायदा. तो नको असे म्हणणारा एक तर भाबडा असतो किंवा त्याच्या थैलीत काहीतरी असते.

परंतु कायदा वजनाला शिक्का मारतो, हाताला मारू शकत नाही. शिक्क्याचा किलो आणि त्यावर शिक्क्याचाच काटा, तरी तराजूच्या दांडीला हलका अंगठा लागतो. वजनाच्या काट्यावर कागदाचा जाड खोका आधीच ठेवलेला असतो. मापाच्या बाबतीत तर हाताचे काम फारच मोठे. पायली सपाट भरायची की शीग लावून, धान्य दाबून, हलवून घालायचे की अलगद सोडायचे, हे सारे हातावर अवलंबून. येथे रूढी मदतीला येते. कोणत्या धान्याला शीग द्यायची, कोणते काठोकाठ द्यायचे, हे गावात सर्वांना ठाऊक असे. काही भागांत नारळाच्या शेकड्यामागे चार-दोन नारळ वर घालण्याची रीत असते, कारण त्यांत एखादा नासका निघतोच. असा वरचा नारळ कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. पण तो न देणाऱ्याकडे लोक पुन्हा जात नाहीत. प्रभू येशूने लूक 6:38 येथे देवाच्या उदारपणाविषयी बोलताना दाबलेल्या, हलवलेल्या व शीग चढलेल्या मापाचे चित्र घेतले ते याच बाजारातून. ऐकणाऱ्या प्रत्येकाने तसे माप घेताना आशेने आणि देताना जरा नाखुशीने पाहिलेले असणार.

रूढीचा उपकार मान्य केला तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. व्यापारपेठांत पूर्वी अडते व खरेदीदार रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ती रूढीच होती, आणि सर्वांना माहीत होती. माल ज्याचा, तो शेतकरी मात्र शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. पोत्यामागे अमुक किलो 'कडता' कापायचा हीही रीतच. वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात 1939 साली शेतीमाल बाजारांचा कायदा झाला (बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते), ते अशा रीती मोडून उघड लिलाव व खरे वजन आणण्यासाठी. म्हणजे येथे रूढीच खोटे वजन झाली होती आणि कायद्याला तिची तपासणी करावी लागली.

याच्या उलटही घडते; कायदा चांगला असतो आणि रूढी त्याला दारात उभे राहू देत नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा इत्यादी जागा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावाला पाय फुटले. लगेच लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि न्यायालयातील वाद 1937 पर्यंत चालला. तळ्यावर गुरे पाणी पीत, मनुष्यांना मज्जाव. दोन मापे ती हीच. ख्रिस्ती वाचकांनी हा इतिहास शेजाऱ्याचा म्हणून वाचू नये. आपल्या मराठी मंडळ्यांतील किती कुटुंबांचे पूर्वज त्या तळ्याच्या कोणत्या काठावर उभे होते, हे आपण जाणतो.

तर मग कायदा, रूढी, मूल्य व नीती यांचे एकमेकांशी नाते काय? आम्ही ते असे मांडतो. खरेपणा मोलाचा आहे असे समाज मानतो, ते मूल्य. त्या मूल्याला रोजच्या वागण्यात जे वळण लागते ती रूढी. वळण बिघडले किंवा पुरेनासे झाले म्हणजे दंडाच्या धाकाने आखून दिलेली रेषा तो कायदा. आणि कोणी पाहत नसताना थैलीत हात घालणारा मनुष्य स्वतःशी जे ठरवतो, तेथे त्याची नीती दिसते. पहिल्या तिन्हींना मनुष्य फसवू शकतो. मूल्याचे तोंडाने गुणगान करता येते, रूढीची पळवाट सापडते, आणि तपासनीस येईल त्या दिवशी दुसरे वजन फळीमागे ठेवता येते. नीतिसूत्रे 16:11 येथे म्हटले आहे की, थैलीतील वजनेसुद्धा परमेश्वराचीच बाब आहे. ज्या ठिकाणी कोतवाल पोहोचत नाही त्या ठिकाणी तो अगोदरच आहे, एवढा एकच विचार त्या लहानशा वचनात आहे.

लेवीय 19 मध्ये ही आज्ञा कोठे ठेवली आहे तेही पाहावे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा याच अध्यायात, अठराव्या वचनात आहे. तेहतीस व चौतीस या वचनांत परक्याविषयी सांगितले आहे: तुमच्या देशात राहणाऱ्या परक्याला छळू नका, त्याला आपल्यातलाच समजा, कारण मिसरात तुम्हीही परके होता. त्याला लागूनच पस्तिसावे वचन वजनमापांचे आहे, आणि शेवटी पुन्हा मिसर देशाची आठवण आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ही जवळीक अर्थपूर्ण आहे. परका मनुष्य म्हणजे ज्याला गावचे माप माहीत नाही तो. भाषा येत नाही, भाव ठाऊक नाही, भांडायला चार माणसे पाठीशी नाहीत. दुसरा दगड बाहेर काढायला याच्याइतके सोयीचे गिऱ्हाईक कोण? म्हणून देव सांगतो, त्यालाही तेच वजन.

हे वचन इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा अशा ठिकाणच्या आपल्या मंडळ्यांना विशेष लागू आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील नोकरीनिमित्त किंवा अन्य कारणाने अन्य भाषेच्या मुलखात आले व तेथेच रुजले. शाळेत, कचेरीत, शिधावाटपाच्या दुकानात आपल्याला वेगळे माप लावले गेले की ते लगेच झोंबते, आणि झोंबावेही. पण आपल्याच मंदिरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारे, अथवा मध्य प्रदेशाच्या खेड्यातून आलेले हिंदी बोलणारे एखादे कुटुंब येऊन मागच्या बाकावर बसते, तेव्हा काय होते? त्यांच्या मुलाला नाताळच्या नाटकात भाग मिळतो काय? त्यांच्या घरी मयत झाले तर स्मशानभूमीतील जागेचा दर त्यांना तोच असतो काय? सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषेचा अभिमान आहे आणि तो असण्यात गैर नाही. गैर आहे ते अभिमानाला वजन म्हणून ताजव्यात टाकणे.

घरातील एफा

मोशेने थैलीबरोबर घराचाही उल्लेख केला आहे. थैली घेऊन मनुष्य बाजारात जातो. एफा घरी असतो. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कारटे' ही आपली म्हण म्हणजे या वचनावरील मराठी भाष्यच होय. मुलगी माहेरी आली म्हणजे दहापर्यंत झोपली तरी दमलेली असते, आणि सून आठला उठली तर आळशी ठरते. हुंडा देताना तो जुलूम असतो, घेताना ती 'मुलाच्या शिक्षणाला झालेल्या खर्चाची थोडीशी भरपाई' असते. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा आहे. ख्रिस्ती घरांतूनही 'भेट' या नावाखाली काय काय फिरते ते सर्वांना ठाऊक आहे. घरकामाला येणाऱ्या बाईने दोन दिवस दांडी मारली तर पगार कापायचा, आणि आपल्याला कचेरीतून किरकोळ रजा मिळाली नाही तर साहेबाच्या नावाने खडे फोडायचे.

मुले हे सारे पाहत असतात. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बसमध्ये 'अकरा सांग' असे आई कानात सांगते. अर्धे तिकीट वाचते. त्याच आठवड्यात शब्बाथ शाळेत ते मूल नववी आज्ञा पाठ म्हणून दाखवते आणि बक्षीस मिळवते. त्या मुलाने दोन्ही गोष्टी नीट लक्षात ठेवल्या आहेत. एक माप मंदिरात न्यायचे असते, एक बसमध्ये.

जक्कयाच्या गोष्टीत या मापांचा उलटा प्रवास आहे. तो जकातदारांचा मुख्य होता. रोमी अमलाखाली जकातीचा मक्ता घेणाऱ्याला ठरलेली रक्कम वर भरावी लागे, आणि अधिक जे उकळता येईल ते त्याचे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने लूक 3:13 येथे जकातदारांना नोकरी सोडा असे सांगितले नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, इतकेच सांगितले. म्हणजे योहानाने त्यांना एकच माप ठेवायला सांगितले. जक्कय त्याच्याही पुढे गेला. लेवीय 6:5 प्रमाणे फसवून घेतलेले परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागे. शंभर घेतले असतील तर एकशे वीस. चौपट भरपाई ही निर्गम 22:1 प्रमाणे दुसऱ्याचे मेंढरू चोरून विकणाऱ्याला किंवा कापणाऱ्याला होती. जक्कयाला पाचव्या हिश्श्यावर भागवता आले असते. शास्त्री लोकांनीही त्याला दोष दिला नसता. त्याने स्वतःसाठी चोराचे माप निवडले, आणि त्याच्याआधी अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली. आयुष्यभर लोकांसाठी जड व स्वतःसाठी हलके वजन वापरणाऱ्याने त्या दिवशी जड वजन स्वतःच्या पारड्यात घातले. प्रभूने त्याला एक शब्दही उपदेश केल्याचे लूक सांगत नाही. तो फक्त त्याच्या घरी उतरला.

आता मंडळीचे माप. हे लिहिताना आम्ही संकोच करणार नाही, कारण याकोबाने केला नाही. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा व मळक्या वस्त्रातल्या गरिबाला पायाशी जागा, असे करणाऱ्यांना तो दुष्ट विचारांचे न्यायाधीश म्हणतो (याकोब 2:1-4). करिंथात तर प्रभुभोजनाच्या मेजावरच एक तृप्त होऊन झिंगला आणि दुसरा उपाशी राहिला. ज्यांनी पंच कमिटीत काही वर्षे काढली आहेत त्यांना पुढील गोष्ट ओळखीची वाटेल. एका गरीब घरातील मुलाने मंडळीच्या नियमाबाहेर लग्न केले. प्रभुभोजनातून सहा महिने दूर ठेवण्याचा ठराव एका बैठकीत मंजूर झाला. वर्षभराने एका वजनदार घरात तेच घडले. त्या वेळी दोन बैठका 'विषय पुढे ढकलण्यात' गेल्या, तिसऱ्या बैठकीत प्रेमाची व क्षमेची वचने वाचण्यात आली, आणि शेवटी पाळकसाहेबांनी घरी जाऊन प्रार्थना केली. शिस्त असावी की क्षमा असावी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण पहिल्या घराला शिस्त आणि दुसऱ्याला क्षमा, याला मतभेद म्हणत नाहीत. 'वजनदार घर' हा शब्द आपण सहज वापरतो. कोणत्या ताजव्यात ते वजनदार ठरले हे कधी विचारत नाही.

दानपेटीचे पैसे दोघांनी मिळून मोजावेत व वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात, ही पद्धत पुष्कळ मंडळ्यांत आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ती सुरू करावी. पौलाने यरुशलेमेसाठी गोळा केलेली मदत नेताना बरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू घेतले. प्रभूच्याच नव्हे तर मनुष्यांच्याही दृष्टीने व्यवहार नीट दिसावा, असे कारण त्याने 2 करिंथ 8:21 येथे दिले आहे. हिशेब मागितला म्हणून रागावणाऱ्या खजिनदाराला हे वचन शांतपणे दाखवावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ लहान मुलांना दाखवून शिकवता येतो. एक काठी, दोऱ्या आणि सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घेऊन तराजू करावा. दोन सारखे दिसणारे कागदी पुडे करून एकात गोटा व दुसऱ्यात त्याहून हलका खडा गुंडाळावा. दोन्हींवर शाईने 'एक शेकेल' असे लिहावे. एका मुलाला दुकानदार करून शेंगदाणे विकायला लावावे. शेंगदाणे देताना हलका पुडा व गिऱ्हाइकाकडून चिंचोके घेताना जड पुडा वापरण्याची सूचना त्याला एकट्याला कानात द्यावी. खेळ चालू द्यावा. फसवणूक कोणाच्या तरी लक्षात येतेच, आणि बहुधा ती वर्गातल्या सर्वांत लहान मुलाच्या लक्षात येते. मग आमोस 8:5 वाचावे. शेंगदाणे शेवटी सर्वांना सारखे वाटावेत. ते एखाद्या मुलाने मोजून वाटावेत हे बरे.

मोठ्या मुलांच्या वर्गाला आठवडाभराचे काम द्यावे. दुकानात गेल्यावर वजनकाट्यावरील तपासणीचा शिक्का कोठे असतो व त्यावरील मुदत संपली आहे काय ते पाहून यावे. बंद पाकिटावर निव्वळ वजन कोठे छापलेले असते तेही पाहावे. त्याच आठवड्यात आपल्या घरात एकाच गोष्टीसाठी दोन मापे वापरलेली दिसली तर ती वहीत टिपावी. नावे लिहू नयेत. पुढच्या रविवारी वह्या वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती करू नये. ज्याला वाचायची असेल त्याने वाचावी. शिक्षकानेही आपली वही बरोबर आणावी.